मनोविकार कक्षातील फिजिशियन असिस्टंट : १२ दिवसांच्या भरतीनंतरचा अभिप्राय

गेल्या हिवाळ्यात माझा ३८ वर्षांचा धाकटा भाऊ अमेरिकेतील एका रुग्णालयाच्या बंद मनोविकार कक्षात १२ दिवस भरती होता. त्याला बायपोलर विकार, म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांच्या टोकाच्या अवस्था येणारा आजार, आहे. सलग पाच रात्री झोप नाही, बोलण्याला खंड नाही आणि हातातील पैसा वाटेल तसा उधळणे, अशा अवस्थेत त्याला आम्ही एका रविवारी रात्री आपत्कालीन विभागात नेले आणि तेथून त्याला वर कक्षात हलवण्यात आले. त्यानंतरच्या दिवसांत त्याच्याजवळ सर्वांत अधिक वेळ बसलेली, त्याच्या औषधांच्या नोंदी रोज वाचणारी आणि आम्हा घरच्यांशी सर्वांत अधिक बोललेली वैद्यकीय व्यक्ती मनोविकारतज्ज्ञ नव्हती, तर फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टर नसलेली पण रुग्ण तपासून औषधे देणारी परवानाधारक व्यक्ती, होती. येथे राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांना या पदाची नीट माहिती नसते. आम्हालाही नव्हती. म्हणून त्या सेवेबद्दल, तिच्या चांगल्या बाजूबद्दल आणि जेथे ती अपुरी पडली त्याबद्दल, सविस्तर लिहीत आहे. रुग्णालयाचे नाव देत नाही, कारण त्यातून भावाची ओळख उघड होऊ शकते.

पहिला गोंधळ नावाचाच झाला. या पदाचा उल्लेख सर्रास ‘पीए’ असा होतो, आणि मराठी कानाला पीए म्हणजे मंत्र्यांचा किंवा साहेबांचा स्वीय सहायक. आईला पहिले दोन दिवस वाटत होते की डॉक्टरांच्या भेटीच्या वेळा सांभाळणाऱ्या कोणी बाई आपल्या मुलाला तपासत आहेत, आणि त्या विचाराने ती अस्वस्थ होती. पुढे दूरध्वनीवरील दुभाष्याने याच बाईंचा उल्लेख ‘डॉक्टर’ असा केला, तेव्हा तिचा गैरसमज दुसऱ्या टोकाला गेला. त्यांनी स्वतः पहिल्याच भेटीत आपले नाव आणि पद स्पष्ट सांगितले होते, हे नमूद केले पाहिजे. दोष कक्षाच्या व्यवस्थेचा होता. खोलीबाहेरच्या फळ्यावर ‘प्रोव्हायडर’ एवढाच शब्द आणि त्यापुढे नाव लिहिलेले असे. त्या शब्दात डॉक्टर, नर्स प्रॅक्टिशनर (औषधे लिहू शकणाऱ्या उच्चशिक्षित परिचारिका) आणि फिजिशियन असिस्टंट हे सगळेच सामावतात, त्यामुळे घरच्यांना त्यातून काहीच कळत नाही. ज्या कुटुंबाचा माणूस कुलूपबंद दाराआड आहे, त्याला समोरच्या व्यक्तीचे शिक्षण काय आणि अधिकार किती हे विचारल्याशिवाय कळावे, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

हे पद अमेरिकेतच जन्माला आले. डॉक्टरांची टंचाई जाणवत असताना उत्तर कॅरोलायनातील ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी १९६५ मध्ये नौदलात वैद्यकीय काम केलेल्या चौघांना घेऊन पहिला वर्ग सुरू केला आणि त्यांपैकी तिघे १९६७ मध्ये उत्तीर्ण होऊन बाहेर पडले. आज हे पदव्युत्तर शिक्षण आहे. पदवीनंतर साधारण सव्वादोन वर्षांचा अभ्यासक्रम, त्यातला मोठा भाग प्रत्यक्ष रुग्णसेवेचा, नंतर राष्ट्रीय परीक्षा आणि राज्याचा परवाना. रुग्ण तपासणे, चाचण्या लिहिणे, निदान करणे आणि औषधे देणे ही कामे ते करतात. मात्र डॉक्टरांशी त्यांचे नाते किती देखरेखीचे आणि किती सहकार्याचे असावे, हे राज्यागणिक बदलते. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये पदनाम बदलून ‘फिजिशियन असोसिएट’ करण्याचा ठराव केला, त्यामुळे काही ठिकाणी तेही नाव ऐकू येते. आमच्या कक्षात जुनेच नाव चालू होते.

मनोविकार कक्षात या पदाची खरी किंमत कोठे आहे, हे मला सोमवारी सकाळी कळले. मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या नियमांनुसार भरतीनंतर २४ तासांत शारीरिक तपासणी आणि ६० तासांत मानसिक मूल्यमापन पूर्ण व्हावे लागते. यातले पहिले काम आमच्या पीए बाईंकडे होते, आणि ते त्यांनी उरकले नाही, केले. भाऊ घरी घेत असलेल्या सगळ्या औषधांच्या बाटल्या, दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्यांसह, पिशवीत घालून आणायला त्यांनी आम्हाला सांगितले. त्या पिशवीतून दोन गोष्टी निघाल्या. एक, रक्तदाबासाठी दोन वर्षांपासून चालू असलेले लिसिनोप्रिल. आणि दुसरी, गुडघ्याच्या दुखण्यासाठी तो जवळजवळ रोज घेत असलेले आयब्युप्रोफेन. तोपर्यंत मनोविकारतज्ज्ञांचा विचार लिथियम हे बायपोलर विकारावरील औषध पुन्हा सुरू करण्याकडे झुकला होता, कारण पूर्वी त्याचा भावाला उत्तम गुण आला होता. लिथियम मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, आणि ही दोन्ही औषधे ते बाहेर पडण्याचा वेग कमी करून रक्तातील पातळी वाढवू शकतात. लिथियमच्या बाबतीत उपयुक्त पातळी आणि घातक पातळी यांच्यातले अंतर फार थोडे असते. साधारण ०.६ ते १.२ (मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर) ही उपचाराची पातळी मानली जाते आणि १.५ च्या पुढे विषबाधेची लक्षणे दिसू लागतात.

त्यांनी आयब्युप्रोफेन थांबवून असिटॅमिनोफेन (म्हणजे पॅरासिटामॉल) लिहिले आणि रुग्णालयातील फिजिशियनांशी बोलून लिसिनोप्रिलच्या जागी अॅम्लोडिपिन सुरू करवले. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्तचाचणी), थायरॉईड, ईसीजी, उपाशीपोटी साखर, रक्तातील चरबीचे प्रमाण, वजन आणि कमरेचा घेर या सगळ्यांची नोंद लिथियमची पहिली गोळी देण्यापूर्वी झाली. थायरॉईडची चाचणी दोन कारणांसाठी होती, हे त्यांनी आईला समजावून सांगितले : थायरॉईड अतिक्रियाशील असेल तर उन्मादासारखीच लक्षणे दिसू शकतात, आणि पुढे लिथियममुळे ते मंदावू शकते, म्हणून आरंभीची नोंद हाताशी हवी. तीव्र मानसिक आजार असलेल्या माणसांचे आयुष्य इतरांपेक्षा १० ते २० वर्षांनी कमी भरते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यामागे हृदयविकार, मधुमेह यांसारख्या शारीरिक आजारांचा वाटा मोठा आहे. मनोविकार कक्षात रुग्णाच्या वागण्याकडे सर्वांचे लक्ष असते. त्याच्या गुडघ्याकडे, रक्तदाबाकडे आणि पिशवीतल्या बाटल्यांकडे लक्ष देणारे माणूस तेथे असावे, आणि ते सर्वसाधारण वैद्यकाचे शिक्षण घेतलेले असावे, याचे महत्त्व मला या एका सकाळी पटले.

त्याच दिवशी दुपारी आणखी एक प्रसंग घडला. भावाने अद्याप माहिती देण्याच्या संमतीपत्रावर सही केली नव्हती. १९९६ च्या गोपनीयतेच्या कायद्याचे कारण सांगून स्वागतकक्षाने आम्हाला परतवले होते. पीए बाई स्वतः बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “मी तुम्हाला आत्ता काही सांगू शकत नाही, पण तुमचे ऐकून घेण्यापासून मला कोणताही कायदा अडवत नाही.” हे वाक्य मी प्रत्येक कुटुंबासाठी येथे लिहून ठेवतो, कारण गोपनीयतेच्या नावाखाली ऐकण्याचे दारही बंद करणारे कर्मचारी आम्ही याआधी पाहिले आहेत. त्यांनी वीस मिनिटे टिपणे घेतली. नऊ वर्षांपूर्वीच्या भरतीत हॅलोपेरिडॉल या मनोविकारावरील औषधाचे इंजेक्शन दिल्यावर भावाची मान आणि जबडा आखडले होते, तो तासभर वेदनेने तळमळत होता आणि तेव्हापासून त्याला इंजेक्शनची धास्ती बसली आहे, हे आईने सांगितले. बाईंनी ते लगेच संगणकावरील नोंदीत घातले आणि रात्रीच्या आपत्कालीन औषधांच्या यादीतून हॅलोपेरिडॉल काढून ओलान्झापिन हे मनोविकारावरील दुसरे औषध लिहिले. ओलान्झापिनचे आणि लोराझेपाम या शामक औषधाचे इंजेक्शन सोबत देऊ नये, अशी सूचनाही त्याखाली त्यांनी जोडली, असे आम्हाला नंतर समजले.

ती नोंद त्याच रात्री कामाला आली. मध्यरात्रीनंतर भाऊ फार चिडला, एका परिचारकावर धावून गेला, आणि त्याला एकांत खोलीत ठेवावे लागले. मनाविरुद्ध इंजेक्शन द्यावे लागले, पण मान आखडली नाही. अशा वेळी रुग्णाला एका तासाच्या आत समोरासमोर तपासणे बंधनकारक असते. ही तपासणी डॉक्टर किंवा राज्याच्या नियमांनुसार फिजिशियन असिस्टंट करू शकतात, तसेच त्यासाठी प्रशिक्षित असलेली परिचारिकाही करू शकते; मात्र परिचारिकेने केली असेल तर तिला उपचाराची जबाबदारी असलेल्या डॉक्टरांशी किंवा अन्य परवानाधारकाशी लवकरात लवकर सल्लामसलत करावी लागते. प्रौढांच्या बाबतीत एकांतात ठेवण्याचा आदेश एका वेळी चार तासांहून अधिक काळ चालत नाही. त्या रात्री कक्षात मनोविकारतज्ज्ञ नव्हते, ते घरून दूरध्वनीवर उपलब्ध होते. रात्रपाळीचे पीए मात्र इमारतीतच होते, आणि त्यांनी पाऊण तासात भावाला पाहिले. नाडी, रक्तदाब, श्वास आणि शुद्ध तपासली, त्याच्याशी बोलले, आणि चार तास पूर्ण होण्याची वाट न पाहता दीड तासात दार उघडायला लावले. भावाला त्या रात्रीतले फारसे आठवत नाही. कोणीतरी जमिनीवर आपल्या शेजारी बसले होते, एवढे त्याला आठवते.

निर्णय कोणाचा, हा प्रश्न आम्हाला सतत पडत असे आणि त्याचे उत्तर मिळायला तीन दिवस लागले. भावाला मनाविरुद्ध रुग्णालयात ठेवण्याच्या ७२ तासांच्या आदेशावरची सही, निदान आणि लिथियम सुरू करण्याचा निर्णय मनोविकारतज्ज्ञांचा होता. आमच्या राज्यात त्या आदेशावर पीएंना सही करता येत नाही. अन्य राज्यांत नियम वेगळे असू शकतात. मनोविकारतज्ज्ञ रोज सकाळी यायचे, पण त्यांच्याकडे वीसहून अधिक रुग्ण होते आणि भावाच्या वाट्याला सहा-सात मिनिटे येत. बाकीचे काम, म्हणजे मात्रा हळूहळू वाढवणे, थरथर किंवा मळमळ होते का हे पाहणे, झोपेचे तास मोजणे, परिचारिका आणि सोशल वर्कर यांच्याशी बोलणे, हे पीए बाई करत. ७२ तास संपल्यावर भावाने स्वतःच्या सहीने राहायचे कबूल केले, ते बुधवारी दुपारी त्यांनी त्याच्याजवळ बसून केलेल्या शांत संभाषणामुळे. न थांबण्याचाही त्याचा हक्क आहे आणि त्याचे परिणाम काय होऊ शकतात, हे त्यांनी कोणताही धाक न घालता सांगितले. मी तेथे होतो. रुग्णाशी माणसाने माणसाशी बोलावे तसे बोलणे मी त्या कक्षात त्याआधी ऐकले नव्हते.

पहिली मोठी तक्रार शनिवार-रविवारची आहे. लिथियम मंगळवारी सुरू झाले होते आणि पाच दिवसांनी, रविवारी सकाळी, रक्तातील पातळी पाहायची ठरली होती. ही चाचणी शेवटच्या मात्रेनंतर १२ तासांनी करायची असते, म्हणजे सकाळची गोळी देण्यापूर्वी. बाईंना सुटी होती. रविवारी कामाच्या घाईत गोळी आधी दिली गेली आणि रक्त त्यानंतर दोन तासांनी काढले गेले. पातळी १.४ आली. बदलीवर आलेल्या डॉक्टरांनी आकडा पाहून पुढच्या दोन मात्रा थांबवल्या. काळजीपोटी घेतलेला तो निर्णय होता, पण चुकीच्या आकड्यावर घेतलेला. त्या रात्री भाऊ पुन्हा जागाच राहिला. सोमवारी बाईंनी कामावर येताच औषध दिल्याची वेळ आणि रक्त काढल्याची वेळ शेजारी ठेवून पाहिली आणि चूक शोधली. मनोविकारतज्ज्ञांशी बोलून मात्रा पूर्ववत केली. मंगळवारी योग्य वेळी काढलेल्या रक्तात पातळी ०.७ निघाली. झालेली चूक त्यांनी आमच्यापासून लपवली नाही, ती भावाला आणि मला स्पष्ट शब्दांत सांगितली, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवतो. तरीही एका व्यक्तीच्या सुटीवर रुग्णाच्या दोन मात्रा अवलंबून असाव्यात, हे रुग्णालयाचे अपयश आहे. चाचणीच्या आदेशातच ‘सकाळच्या मात्रेपूर्वी’ हे शब्द ठळक असते, तर ही चूक घडली नसती.

या पदाच्या मर्यादांबद्दलही स्पष्ट लिहिले पाहिजे. मनोविकारतज्ज्ञ होण्यासाठी वैद्यकीय पदवीनंतर चार वर्षांचे विशेष प्रशिक्षण घ्यावे लागते. फिजिशियन असिस्टंटच्या मूळ अभ्यासक्रमात मनोविकारशास्त्राचे प्रत्यक्ष प्रशिक्षण काही आठवड्यांचेच असते आणि पुढचे ज्ञान कामावर मिळते. राष्ट्रीय प्रमाणन मंडळाने २०११ पासून मनोविकारशास्त्रासाठी अतिरिक्त पात्रतेचे प्रमाणपत्र सुरू केले असून त्यासाठी या क्षेत्रातील अनुभव आणि वेगळी परीक्षा लागते, पण ते ऐच्छिक आहे. आमच्या बाईंकडे ते होते आणि मनोविकार कक्षातील आठ वर्षांचा अनुभवही होता. त्यामुळे माझा अनुकूल अभिप्राय प्रत्येक कक्षातील प्रत्येक पीएला लागू होईल, असे मी म्हणणार नाही. निदानच अनिश्चित असेल, पहिल्यांदाच भ्रम किंवा भास सुरू झाले असतील, किंवा आधीच्या दोन-तीन औषधांनी गुण आलेला नसेल, तर मनोविकारतज्ज्ञांनी स्वतः वेळ काढून बसावे, असा आग्रह कुटुंबाने धरावा, असे माझे ठाम मत आहे. भावाचे निदान जुने होते, पूर्वीचा गुणकारी उपचार माहीत होता, आणि शरीराची गुंतागुंत अधिक होती. अशा रुग्णासाठी ही व्यवस्था फार चांगली ठरली.

भाषेच्या बाबतीतही थोडे सांगतो. आईला इंग्रजी समजते, पण मुलाच्या आजाराबद्दल ती मराठीतच बोलू शकते. रुग्णालयाने विनामूल्य दुभाषी द्यायचा असतो आणि तो मागितल्यावर मिळाला. मात्र पहिल्या दिवशी मलाच दुभाषी व्हायला सांगण्यात आले होते. पीए बाईंनी ते थांबवले. मी रुग्णाच्या भावाच्या भूमिकेत राहावे, दुभाष्याच्या नव्हे, असे त्या म्हणाल्या. आईने दुभाष्यामार्फत त्या भेटीत जे सांगितले, त्यातले काही मीही प्रथमच ऐकत होतो.

बिलाबद्दल अनेक जण विचारतात. पीएंच्या सेवेचा उल्लेख विमा कंपनीच्या पत्रकात स्वतंत्रपणे येतो. मेडिकेअर त्यांच्या सेवेला डॉक्टरांच्या दराच्या ८५ टक्के रक्कम देते. खासगी विम्याचे दर करारानुसार वेगळे असतात. आमच्या बाबतीत त्यावरून कोणताही वाद झाला नाही.

दुसरी तक्रार डिस्चार्जची आहे आणि ती मला अधिक गंभीर वाटते. भावाला शुक्रवारी घरी सोडले. मानसिक आजारासाठी भरती झालेल्या रुग्णाची पुढची भेट ७ दिवसांच्या आत झाली की नाही, हे या देशात आरोग्यसेवेची गुणवत्ता मोजताना पाहिले जाते. आमच्या कागदावर सहाव्या दिवसाची भेट लिहिलेली होती, म्हणजे त्या मोजमापात रुग्णालय उत्तीर्ण झाले. पण ती भेट समुपदेशकाशी होती, ज्यांना रक्ताची चाचणी लिहिता येत नाही. औषधे लिहू शकणाऱ्या डॉक्टरांची भेट चार आठवड्यांनी होती. नवे रक्तदाबाचे औषध, नुकतेच पुन्हा सुरू झालेले लिथियम, मध्येच थांबलेल्या मात्रा, आणि आठवड्याभरात करायच्या चाचणीबद्दल कागदावर एक अक्षर नाही. चाचणी कोण लिहिणार आणि आकडा कोण वाचणार, हे कोणालाच नेमून दिलेले नव्हते. कक्षात इतक्या बारकाईने चाललेले काम दाराबाहेर पाऊल टाकताच निराधार झाले होते.

मी सोमवारी कक्षात फोन केला आणि निरोप ठेवला. त्याच संध्याकाळी पीए बाईंचा फोन आला. त्यांची जबाबदारी डिस्चार्जपाशी संपली होती, तसे त्यांनी सांगितलेही, आणि तरीही मनोविकारतज्ज्ञांशी बोलून चाचणीचा आदेश बाहेरच्या प्रयोगशाळेकडे पाठवला, भावाच्या फॅमिली डॉक्टरांना स्वतः फोन करून निकाल त्यांच्याकडे जाईल असे ठरवले, आणि रक्त गोळीपूर्वी, शेवटच्या मात्रेनंतर १२ तासांनी काढायचे, हे मला दोनदा उच्चारायला लावले. गुरुवारी निकाल आला : ०.८, क्रिएटिनिन पूर्वीइतकेच. डिस्चार्जच्या कागदावर ‘पुढची रक्ततपासणी, तारीख, आणि निकाल पाहणाऱ्या व्यक्तीचे नाव’ अशी एक ओळ छापावी आणि खोलीबाहेरच्या फळ्यावर प्रत्येकाचे पद लिहावे, असे पत्र मी रुग्णालयाच्या रुग्ण-तक्रार विभागाला पाठवले आहे. त्याची पोच मिळाली आहे, उत्तर अजून यायचे आहे.